तीनशेंच कां?

ग्रीस देश पाहून आलेल्या गृहस्थांच्या तोंडून थर्मापिलीची हकीकत ऐकण्याचा योग आम्हांस अलीकडे वारंवार येऊं लागला आहे. प्रवासाच्या सोयी वाढल्या. पंधरा दिवसांच्या रजेंत अथेन्स, डेल्फाय, मायसीनी करून येणें मध्यम स्थितींतल्या कुटुंबासही आतां अगदींच अशक्य राहिलेलें नाहीं. आणि ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु परत आल्यावर ही मंडळी जें सांगतात, व त्यांतील हौशी मंडळी जें लिहून छापतात, तें ऐकून आणि वाचून आमच्या मनांत जो विचार येतो तो आज एकदां स्पष्ट बोलून दाखविणें आम्हांस भाग आहे. तो हा कीं, या मंडळींनीं घरीं बसून जें ऐकलें होतें तेंच तेथें जाऊन पुन्हा ऐकलें, आणि तेंच घेऊन तीं परत आलीं. मध्यें जो प्रवास झाला तो केवळ शरीराचा झाला.

थर्मापिलीचेंच घ्या. सांगण्याचा सांचा ठरलेला आहे. इ. स. पूर्वीं ४८० ह्या वर्षीं इराणचा बादशहा झर्क्सीस अफाट सैन्य घेऊन ग्रीसवर चालून आला. डोंगर आणि समुद्र यांमधील चिंचोळ्या वाटेवर स्पार्टाचा राजा लिओनिडास अवघ्या तीनशें वीरांनिशीं उभा ठाकला. तीन दिवस त्यानें तो लोंढा थोपवून धरला. एफिआल्टीस नांवाच्या फितुरानें डोंगरांतली पायवाट शत्रूस दाखविली. आणि ते तीनशें लढतां लढतां पडले. येथें सांगणाऱ्याचा कंठ दाटून येतो, ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात, आणि मग ‘बाजीप्रभु म्हणजे आमचा लिओनिडास’ असें एक वाक्य टाकून प्रकरण आटोपण्यांत येतें.

लिओनिडासाच्या शौर्याविषयीं आमच्या मनांत तिळभरही किंतु नाहीं, आणि पावनखिंडीच्या आठवणीनें ज्याचा ऊर भरून येत नाहीं अशा माणसासाठीं आम्ही लिहीतही नाहीं. आमचा प्रश्न अगदीं साधा, अंकगणितांतला आहे. तीनशेंच कां?

ज्याच्या ग्रंथामुळें ही लढाई जगास ठाऊक झाली त्या हिरोडोटसानें खिंडींत जमलेल्या ग्रीक सैन्याची यादी नगरवार देऊन ठेविली आहे. स्पार्टाचे ३००, टेजियाचे ५००, मँटिनियाचे ५००, कॉरिंथचे ४००, फ्लियसचे २००, मायसीनीचे ८०, आर्केडियांतील इतर गांवांचे हजारावर. हे झाले दक्षिणेकडील पेलोपोनीसांतले. बिओशिया प्रांतांतून थेस्पियाचे ७०० आणि थीब्जचे ४००. शिवाय फोकिसचे हजार, व लोक्रिसचे होते नव्हते तेवढे सगळे. म्हणजे पहिले दोन दिवस वाट अडविली ती कांहीं हजारांनीं. शत्रु मागून येत आहे असें कळल्यावर लिओनिडासानें बहुतेकांस निरोप दिला. मागें राहिले ते तीन नगरांचे लोक: स्पार्टाचे, थेस्पियाचे आणि थीब्जचे.

आतां वाचकांनीं क्षणभर थांबून विचार करावा. स्पार्टाच्या तीनशांस पाठ फिरविण्याची मुभाच नव्हती. त्यांच्या नगरीचा कायदा आणि लहानपणापासूनचें वळण यांनीं त्यांस तेथें खिळवून ठेविलें होतें. त्यांचें थोरपण त्यानें कमी होत नाहीं. परंतु थेस्पियाच्या सातशांस जाण्याची परवानगी मिळाली होती आणि वाट अजून मोकळी होती. लिओनिडासास व त्याच्या माणसांस सोडून आम्ही जाणार नाहीं असें म्हणून ते राहिले, आणि सगळे मेले. त्यांचा नायक डेमोफिलस. त्यांतला सर्वांत नांवाजलेला वीर डिथिरॅम्बस. हीं दोन नांवें हिरोडोटसानें मुद्दाम नोंदून ठेविलीं. थेस्पिया ही कांहीं मोठी नगरी नव्हे. सातशें चिलखती शिपाई म्हणजे बहुधा तिच्या घरांतला सगळाच कर्ता पुरुष. पुढें झर्क्सीसानें ती नगरी जाळली. वर्षभरानें प्लातीआच्या मैदानावर निकालाची लढाई झाली तेव्हां थेस्पियाचे उरलेसुरले १८०० लोक तेथें हजर होते, आणि त्यांच्या अंगावर चिलखतें नव्हतीं, असें हिरोडोटस सांगतो. कां नव्हतीं हें तो सांगत नाहीं. चिलखतें घालणारे कोठें पडले होते हें मागें त्यानें सांगितलेलेंच आहे.

पावनखिंडीची कथा सांगतांना बांदलांचें नांव जो गाळील त्यास आपल्याकडचा कोणताही जाणता श्रोता जागच्या जागीं अडवील. बाजीप्रभूंस लिओनिडासाच्या पंगतीस बसविणाऱ्यांस थेस्पियाचे बांदल मात्र कसे दिसत नाहींत, याचा उलगडा आम्हांस झालेला नाहीं.

आम्ही स्वतः तेथें गेलों तेव्हांची गोष्ट सांगतों. आमची गाडी लिओनिडासाच्या पुतळ्यापाशीं बरोबर वीस मिनिटें थांबली. हा पुतळा १९५५ सालचा. खाली उतरल्यावर पहिली निराशा अशी कीं, खिंड कोठें दिसतच नाहीं. स्परखिओस नदीनें अडीच हजार वर्षें गाळ आणून टाकल्यामुळें समुद्र कित्येक किलोमीटर मागें हटला आहे; जेथें एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस पाणी होतें तेथें आज सपाट शेतें आणि हमरस्ता आहे. उन्हाळ्यांचा गंधकी वास तेवढा जुना. वाटाड्या बाईंनीं ठरलेली हकीकत ठरलेल्या शब्दांत सांगितली, ‘तीनशें’ हा आंकडा पांच वेळां उच्चारला, आणि मंडळी पुतळ्याखालीं उभें राहून एकमेकांचीं छायाचित्रें काढूं लागली. त्या पुतळ्यापासून हाकेच्याही आंत दुसरें एक स्मारक आहे. तें १९९७ सालीं उभारलेलें. एक पंखवाली पुरुषमूर्ति. तिला मस्तक नाहीं, एक पंख पसरलेला व दुसरा मोडलेला. ईरॉस म्हणजे प्रेमदेव हा थेस्पियाचा आराध्य देव, म्हणून पंख. आणि पडलेल्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत, म्हणून मस्तक नाहीं. बाईंनीं त्याकडे बोट दाखविलें नाहीं. रस्त्याच्या पलीकडे एक लहानशी टेकडी आहे; अखेरचे लोक तिच्यावर पडले. १९३९ सालीं मरिनाटोस या ग्रीक संशोधकानें ती खणली, तेव्हां बाणांचीं पुष्कळ टोकें निघालीं, आणि शेवटची झुंज याच जागीं झाली हें लोकांस पटलें. गाडींतल्या चाळिसांपैकीं रस्ता ओलांडून तेथें गेलों तीं आम्ही आणि आमच्या घरचीं माणसें. परत येतों तों गाडीचा कर्णा वाजतच होता.

तथापि सगळा दोष आजच्या सहलवाल्यांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. थर्मापिलीची पहिली सहल काढली ती खुद्द झर्क्सीसानें. ही हकीकत हिरोडोटसाच्या आठव्या पुस्तकांत आहे, आणि ती आमच्या प्रवासवर्णनकारांपैकीं एकानेंही सांगितल्याचें आम्हांस आढळलें नाहीं. लढाई संपल्यावर बादशहानें आपल्याकडील वीस हजार प्रेतांपैकीं सुमारें एक हजार तेवढीं उघड्यावर ठेविलीं, बाकीचीं खंदक खणून पुरलीं, वर पाला पसरला आणि माती लोटली. मग आरमाराकडे दूत पाठवून दवंडी पिटविली कीं, बादशहाशीं लढण्याचा मूर्खपणा करणारांची काय दशा झाली ती ज्यास पाहावयाची असेल त्यानें यावें. दवंडी ऐकून इतके लोक निघाले कीं होड्या पुरेनात! एका बाजूस तुरळक पडलेले हजार इराणी, आणि दुसऱ्या बाजूस एकाच जागीं ढीग करून ठेविलेले सगळे ग्रीक. हा बनाव पाहणारांच्याही लक्षांत आल्यावांचून राहिला नाहीं, व हिरोडोटस त्यास हास्यास्पद म्हणतो. परंतु त्याच प्रसंगाबद्दल तो आणखी एक बारीक गोष्ट सांगून जातो. प्रेक्षकांस वाटलें कीं पडलेले सारे ग्रीक म्हणजे स्पार्टाचे व थेस्पियाचेच लोक. वास्तविक त्यांत हेलॉटही होते. हेलॉट म्हणजे स्पार्टावाल्यांचीं शेतें कसणारे, पिढ्यान्‌पिढ्या जमिनीस जखडलेले दास. धन्यांबरोबर ते खिंडींत आले आणि धन्यांबरोबर मेले. त्यांची संख्या कोणी लिहून ठेविली नाहीं. त्या पहिल्या प्रेक्षकांनीं हेलॉट गमावले; मागाहून आलेल्यांनीं थेस्पियाचे सातशेंही गमावले.

मायसीनीस तरी याहून निराळें काय आहे? तेथील सिंहद्वाराखालून आंत गेलें कीं आगामेम्नॉन, त्याची बायको, तिचा यार, न्हाणीघरांतला खून, आणि अथेन्सच्या संग्रहालयांतला तो सोन्याचा मुखवटा. श्लीमान यानें १८७६ सालीं तो उकरून काढला, आणि तेव्हांपासून त्यावर आगामेम्नॉनाचें नांव चिकटलें तें चिकटलें. वास्तविक त्या थडग्यांचा काळ इ. स. पूर्वींच्या सोळाव्या शतकाचा, म्हणजे ट्रॉयच्या लढाईचा जो काळ मानतात त्याच्या निदान तीनशें वर्षें आधींचा. असो, मुखवट्याची चूक आतां बहुतेक पुस्तकांतून दुरुस्त झालेली असते. आमची तक्रार वेगळी आहे. वर दिलेल्या यादींत मायसीनीचे ८० लोक आहेत. एके काळीं ज्या नगरीचा राजा साऱ्या ग्रीसचा सेनापति होता असें काव्यें सांगतात, त्या नगरीचें इ. स. पूर्वीं ४८० मध्यें एक खेडें उरलें होतें, आणि त्या खेड्यानें ऐंशीं माणसें थर्मापिलीस धाडलीं. शेजारचें बलाढ्य आर्गॉस त्या युद्धांत घरीं बसून राहिलें. पुढें सुमारें बारा वर्षांनीं आर्गॉसनें मायसीनी उद्ध्वस्त केलें. आणि दुसऱ्या ख्रिस्ती शतकांत तेथें गेलेला पॉसेनियस हा प्रवासी कारण देतो तें असें, कीं ज्या कीर्तींत आर्गॉसला वाटा नाहीं ती या एवढ्याशा गांवानें मिळवावी ह्याचा मत्सर. आज त्या पडक्या भिंतींमधून हिंडणाऱ्यांस खुनाची कथा तीन वेळां ऐकावी लागते. ऐंशींची कथा एकदांही नाहीं. यांतील दुसरी कथा पहिलीपेक्षां कोणत्या बाबतींत कमी रसाळ आहे, हें कोणी आम्हांस समजावून देईल काय?

मॅरेथॉनबद्दल फार लिहिण्याचें कारण नाहीं, कारण तेथील धांवणाऱ्याची कथा आतां कथेच्या कोटींतून निघून विधीच्या कोटींत गेली आहे. इ. स. पूर्वीं ४९० मध्यें विजयाची वार्ता घेऊन अथेन्सपर्यंत धांवत गेलेला व ती सांगून प्राण सोडणारा जो दूत, त्याचा हिरोडोटसास पत्ताही नाहीं. त्याचा फिडिपिडीस लढाईच्या आधीं अथेन्सहून स्पार्टास मदत मागावयास गेला. सुमारें २४० किलोमीटरची वाट त्यानें दुसऱ्या दिवशीं पुरी केली, आणि तो मेला वगैरे कांहीं नाहीं. मरणाऱ्या दूताची कथा आज ज्या ग्रंथांत मिळते त्यांतला जुना म्हणजे प्लूटार्काचा, लढाईनंतर जवळजवळ सहाशें वर्षांचा. त्यांतही दूताचें नांव दुसरेंच आहे. १८९६ सालीं ऑलिंपिक सामने पुन्हा सुरू झाले तेव्हां ब्रेआल या फ्रेंच पंडिताच्या सूचनेवरून ही शर्यत निघाली, स्पिरिडॉन लुईस या ग्रीक माणसानें ती जिंकली, आणि आतां खऱ्या फिडिपिडीसाची डाळ शिजणें कठीण आहे. पण मॅरेथॉनच्या मैदानांत जो उंचवटा दाखविण्यांत येतो त्याविषयीं दोन शब्द बोललेच पाहिजेत. तो अथेन्सच्या १९२ मृतांचा. पॉसेनियसानें तो पाहिला, आणि त्याच मैदानावर दुसरीही एक समाधि असल्याचें लिहून ठेविलें. ती प्लातीआच्या लोकांची आणि दासांची; दास लढाईंत उतरले ते तेव्हां प्रथमच, असें तो म्हणतो. प्लातीआ हें अथेन्सच्या मदतीस आपलें सगळें बळ घेऊन धांवून आलेलें एकटें गांव. अथेन्सचे ‘एकटे’ लढले असें ज्या पुस्तकांत वाचावयास मिळतें तें पुस्तक वाचकांनीं खुशाल मिटून ठेवावें.

सांगण्यांतून जशी गळती होते तशी दगडांतूनही होते. अथेन्सच्या गडावरील पार्थेनॉन हें देवालय ख्रिस्तपूर्व ४४७ ते ४३२ या काळांत बांधलें गेलें. नंतर कित्येक शतकें तें ख्रिस्ती लोकांचें प्रार्थनामंदिर होतें, मग मशीद झालें, आणि १६८७ सालीं तुर्कांनीं आंत दारू सांठविली असतां व्हेनिसवाल्यांचा गोळा पडून मधोमध फुटलें. गडाच्या दाराशीं मध्ययुगांतला एक उंच बुरूज होता. तो १८७५ सालीं पाडून टाकण्यांत आला, आणि त्याचा खर्च दिला त्याच श्लीमाननें. पेरिक्लीसच्या काळचें तेवढें ठेवावयाचें व बाकीचें झाडून टाकावयाचें, असा हा हिशेब. दोन हजार वर्षें जेथें लोकांनीं घंटा वाजविल्या, बांगा दिल्या, जन्मलेलीं मुलें आणून देवाच्या पायांवर घातलीं, तेथें आज आपल्याला पन्नास वर्षांचा इतिहास दाखवितात, आणि आपण ‘किती शुभ्र, किती निर्मळ!’ म्हणून परत येतों. खरें पाहतां तो दगडही मुळांत रंगविलेला होता.

येथें दोन प्रकारचे आक्षेपक उठतील. पहिला म्हणेल, चार दिवस मन रमविण्यासाठीं गेलेल्या माणसापुढें ह्या याद्या कशाला वाचतां? त्याला आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, त्यानें आपल्या मुलांस एकदां तीनशांची गोष्ट सांगावी, आणि दुसऱ्या दिवशीं सातशांची सांगावी. झोंप कोणत्या गोष्टीनें उडाली हें त्याचें त्यासच कळेल. दुसरा आक्षेपक अधिक विद्वान् व म्हणून अधिक घातक आहे. तो म्हणतो, ह्या साऱ्या कथाच टाकून द्या. खांबांची उंची, दगडांची जात, खापरांचा थर, एवढेंच खरें. ह्या गृहस्थाबरोबर डेल्फायस जाण्याचा प्रसंग आम्हांवर न येवो! कथा काढून घेतल्यावर थर्मापिलीची टेकडी आणि आमच्या गांवामागची टेकडी यांत फरक तो काय उरला? बाणांचीं टोकें सांपडलीं हें खरें. पण तीं कोणीं कोणावर सोडलीं होतीं हें तीं टोकें सांगत नाहींत, हिरोडोटस सांगतो. आणि हिरोडोटसही कांहीं सोंवळा नव्हे. थीब्जचे चारशें लिओनिडासानें जबरीनें ठेवून घेतले व ते अखेरीस शत्रूस शरण गेले, असें त्यानें लिहिलें. त्यावर पांच शतकांनंतर त्याच बिओशियांतल्या प्लूटार्कानें हिरोडोटसाच्या खोडसाळपणावर एक सबंध निबंध लिहून त्याची हजेरी घेतली. ज्यांच्यावर विश्वास नाहीं असे चारशें सशस्त्र लोक मरणाच्या घटकेस पाठीशीं कोण ठेवील, हा प्लूटार्काचा सवाल आम्हांस आजही बिनतोड वाटतो. प्लूटार्काच्या बोलण्यांत आपल्या प्रांताचा अभिमान आहे हें उघड आहे. असेना! एकानें सांगितलें, दुसऱ्यानें अडविलें, आणि त्या दोघांच्या भांडणांतून थीब्जचे चारशें निदान आपल्या कानांवर आले.

आमची मागणी पॉसेनियसाइतकीच आहे, अधिक नाहीं. या माणसानें ग्रीस देश हिंडून दहा पुस्तकें लिहिलीं. एखाद्या देवळापाशीं आला कीं तो प्रथम तेथें काय उभें आहे तें सांगतो. मग गांवचे लोक काय म्हणतात तें सांगतो. शेजारच्या गांवचें म्हणणें निराळें असेल तर तेंही सांगतो. आणि आपणांस पटलें नाहीं तर तसें बेधडक लिहितो. त्याच्या मायसीनीवरील चार ओळींच्या आधारानेंच श्लीमाननें कुदळ कोठें मारावी हें ठरविलें. सहल काढणाऱ्यांनीं पॉसेनियस वाचावा ही अपेक्षा आम्ही करीत नाहीं. परंतु परत येऊन तीन-तीनशें पानें लिहिणाऱ्यांनीं ‘असें म्हणतात’ एवढें लिहून न थांबतां कोण म्हणतो आणि केव्हांपासून म्हणतो हें लिहावें, यांत कोणती मोठी तपश्चर्या आहे? आणि वाटाड्यानें तीनशें म्हटलें कीं ‘बाकीचे?’ असें विचारण्यास तर विद्वत्ताही लागत नाहीं.

खुद्द ग्रीकांनीं हा प्रश्न विचारला होता. प्लातीआच्या विजयानंतर लुटीच्या दशमांशांतून त्यांनीं डेल्फायच्या देवास सोन्याची तिवई वाहिली. ती एकमेकांभोंवतीं वेटोळे घातलेल्या तीन सर्पांच्या काशाच्या स्तंभावर उभी केली होती. त्या लढाईंतला सेनापति स्पार्टाचा पॉसेनियस. हा वरच्या प्रवाशाचा केवळ नांवबंधु, आणि लिओनिडासाचा सख्खा पुतण्या. त्यानें तिवईवर आपल्या एकट्याच्या नांवानें विजयाची कविता कोरविली. थ्यूसिडिडीस सांगतो कीं, स्पार्टाच्या लोकांनीं ती तत्काळ खोडून काढली आणि तिच्या जागीं ज्या ज्या नगरांनीं मिळून तें युद्ध जिंकलें त्यांचीं नांवें घातलीं. सोनें पुढें लुटलें गेलें; स्तंभ कॉन्स्टंटाइन बादशहानें आपल्या नव्या राजधानींत नेला. तो आज इस्तंबूल शहरांत, घोड्यांच्या शर्यतींच्या जुन्या मैदानावर, मस्तकें तुटलेल्या अवस्थेंत उभा आहे, आणि आमच्याकडील पुष्कळ प्रवासी त्याच्या शेजारून जातात. एकोणिसाव्या शतकांत त्याच्या तळाची माती काढली तेव्हां वेटोळ्यांवरचीं अक्षरें पुन्हा वाचण्यांत आलीं. नगरांचीं नांवें एकतीस आहेत. स्पार्टाचें सर्वांच्या आधीं. पुढें अथेन्स, कॉरिंथ, टेजिया. खालीं प्लातीआ, थेस्पिया, आणि ऐंशीं माणसें धाडणारें मायसीनी. लिओनिडासाचें नांव त्यांत नाहीं.